हसण्याजोगे काही आढळले नाही

नागनाथ म्हेत्रे यांनी विनोदी नट व्हायचं ठरवलं ते एका गुरुवारी, दुपारी चार ते सव्वापाचच्या दरम्यान. वेळ इतकी नक्की सांगता येते, कारण चार वाजता त्यांच्या कार्यालयात कोळेकरांचा निरोपसमारंभ सुरू झाला आणि सव्वापाचला नागनाथराव स्कूटरवरून घरी निघाले होते. कार्यालय सरकारी आहे, सोलापुरात आहे. त्याचं नाव इथं देत नाही. दिलं तर उद्या कुणीतरी ही गोष्ट माहितीच्या अधिकारात मागेल.

नागनाथरावांचं वय सत्तेचाळीस, हुद्दा वरिष्ठ लिपिक, टेबल आवक-जावकचं, मिशी भरघोस. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला हसवल्याची नोंद नव्हती. म्हणूनच समारंभात आभारप्रदर्शन त्यांच्याकडे दिलं होतं. ते उभे राहिले, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि वाचू लागले.

"श्री. कोळेकर या कार्यालयात चौतीस वर्षं होते. त्यांची उणीव आपल्याला भासेल किंवा कसे, यासाठी मी मागच्या सहा महिन्यांचं हजेरीपत्रक तपासलं. त्यावरून निश्चित काही सांगता येत नाही."

सगळे हसले. नागनाथराव थांबले, गलका ओसरू दिला आणि पुढं वाचलं, "त्यांच्या डोक्यावरचा पंखा कोणाला मिळावा, याविषयी तीन अर्ज आले आहेत. तिन्ही अर्ज समारंभाची तारीख ठरण्याआधीचे आहेत."

त्यानंतर अकरा मिनिटं कुणालाही धड बसता आलं नाही. खुद्द कोळेकर हाराच्या झेंडूनं डोळे पुसत होते.

नागनाथरावांना आधी राग आला. त्यांनी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता, आणि पंख्याचा विषय तर अजून प्रलंबित होता. सात रस्त्याच्या सिग्नलला ते रागातच उभे होते. विजापूर रोडला लागल्यावर त्यांच्या मनात आलं, की लोक ज्याला हसतात तो एकतर मूर्ख असतो नाहीतर कलावंत. आपण मूर्ख नाही, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यामुळं जुळे सोलापुरात घरापुढं स्कूटर लावेपर्यंत दुसराच पर्याय शिल्लक राहिला.

"मी विनोदी नट आहे," त्यांनी बायकोला सांगितलं.

रुद्राणी भाकरी थापत होती. तिचं माहेर अक्कलकोटचं. आश्चर्य वाटलं की ती कानडीत जाते. "अय्यय्यो," ती म्हणाली. "कवापास्नं?"

"आज दुपारपासून."

तिनं एकदम तोंड फिरवलं आणि भाकरी उलटली. बराच वेळ ती उलटतच राहिली.

आता हे इथंच थांबलं असतं. पण कार्यालयातल्या कुणीतरी भाषणाचं चित्रण केलं होतं, ते नागनाथरावांच्या मुलीकडं, संस्कृतीकडं आलं आणि तिनं ते पुढं पाठवून दिलं. दहा दिवसांत ते कुठं कुठं फिरलं आणि मुंबईहून फोन आला. फोनवर रेश्मा नावाची मुलगी होती. एका वाहिनीवरच्या विनोदी कार्यक्रमासाठी नवी माणसं निवडायचं तिचं काम. मूळची माढ्याची असल्यामुळं सोलापूरचं कुणी दिसलं की तिला बरं वाटायचं. "काका, पुढच्या शुक्रवारी आम्ही सोलापुरातच ऑडिशन घेतोय," ती म्हणाली. "तुम्ही या. जसे आहात तसे या."

"जसे आहात तसे" या शब्दांकडं कुणी लक्ष दिलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं. पण एकदा माणूस टीव्हीत जाणार म्हटल्यावर त्याला जसा आहे तसा जाऊ देणं कोणत्याच शेजारधर्मात बसत नाही.

वरच्या मजल्यावरच्या सुंदरम्मा उच्चार सुटे व्हावेत म्हणून वेखंड आणि मध घेऊन आल्या. समोरचे श्रीशैल हत्तुरे मात्र स्वतःच आले आणि मग आठवडाभर येत राहिले. हत्तुरे सर निवृत्त पी.टी. शिक्षक. तरुणपणी त्यांनी एका हौशी नाटकात दुसऱ्या हवालदाराचं काम केलं होतं. त्या नाटकाविषयी ते अशा थाटात बोलत, की पहिल्या हवालदारानं काही केलं होतं का, असा प्रश्न पडावा.

"म्हेत्रे साहेब, तुमचा चेहरा हलत न्हाई," ते म्हणाले. "विनोद म्हंजे काय? चेहऱ्याची कवायत. भुवई वर. गाल आत. जबडा डावीकडं. एक, दोन! एक, दोन!"

रोज सकाळी सहा वाजता गच्चीवर ही कवायत चाले. दूधवाला एकदा वर बघून किटली तशीच घेऊन गेला.

चौथ्या दिवशी हत्तुरे सरांना मूळ दोष सापडला. "मिशी," ते म्हणाले. "अर्धा विनोद तुमच्या मिशीत अडकायलाय."

नागनाथरावांनी मिशी काढली. लग्नाच्या दिवशी होती, मुलीच्या बारशाला होती, ती गेली. रुद्राणी सकाळी चहा घेऊन आली आणि "कोण पायजे?" म्हणाली. घरच्या माणसाची थट्टा म्हणून ते सोडून देता येतं. कार्यालयातल्या यंत्राचं तसं नव्हतं.

हजेरीसाठी कार्यालयात चेहरा ओळखणारं यंत्र बसवलेलं आहे. नागनाथराव त्याच्यासमोर उभे राहिले. यंत्रानं पाहिलं, विचार केला, आणि "नोंद आढळत नाही" असं सांगितलं. नागनाथरावांनी चष्मा काढला, लावला. शेवटी चेहऱ्यात काही फरक पडेल म्हणून भुवई वर, गाल आत करून पाहिलं. मागं रांग लागली होती. यंत्र ठाम राहिलं.

अधीक्षक संघप्रिया गायकवाड मॅडम नियमाला पक्क्या आणि मनानं चांगल्या होत्या. या दोन गोष्टी एका माणसात असल्या की समोरच्याची फार पंचाईत होते. "म्हेत्रे, मी तुम्हाला ओळखते," त्या म्हणाल्या. "पण माझ्या ओळखण्याला हजेरी म्हणता येत नाही. तुम्ही अर्ज द्या."

'मी तोच असल्याबाबत' अशा विषयाचा अर्ज नागनाथरावांनी दिला. सोबत ओळखपत्राची प्रत जोडली. त्यावर शेरा आला : 'छायाचित्रातील इसम व अर्जदार यांच्यात साम्य आढळत नाही.' शेवटी दोन सहकाऱ्यांनी ते तेच असल्याचं लिहून दिलं. तोपर्यंत तीन दिवस ते कार्यालयात बसून काम करत होते आणि कागदोपत्री गैरहजर होते. या तीन दिवसांत त्यांनी केलेल्या सह्या कोणाच्या धराव्यात, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

शुक्रवारी ऑडिशन झाली एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशीच्या लग्नाची पाटी अजून दारावर होती, त्यामुळं नागनाथरावांना आधी कुणीतरी जेवायला बसवलं. मग आत नेलं. टेबलामागं रेश्मा, तिच्यासोबत दोघं जण, समोर कॅमेरा.

"काका, मिशी कुठंय?" रेश्मानं विचारलं.

"काढली. विनोद अडकत होता."

ती हसली. नागनाथरावांना वाटलं, अजून आपण सुरुवातच केलेली नाही, ही पोर भलतीच हसरी दिसते. मग त्यांनी जुन्या दिवाळी अंकांतून निवडून, पाठ करून आणलेले विनोद सुरू केले. "एक मनुष्य डॉक्टरांकडे जातो. म्हणतो, मला विसरायला होतं. डॉक्टर विचारतात, कधीपासून? तो म्हणतो, काय कधीपासून?" भुवई वर, गाल आत, जबडा डावीकडं. "इथं विनोद संपला."

भिंतीवरची पाल चुकचुकली तेवढीच. असे सहा विनोद झाल्यावर रेश्मा खाली मान घालून म्हणाली, "थँक्यू काका. आम्ही कळवतो."

नागनाथरावांनी आयुष्यभर लोकांना 'आम्ही कळवतो' सांगितलं होतं. त्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार? त्यांचा चेहरा जागेवर आला. त्यांनी बॅग उचलली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"पोच मिळेल का?"

"कसली पोच?"

"मी विनोद सादर केल्याची. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकलीय. कारण 'विनोद' असं लिहिलंय. सोमवारी पुरावा विचारतील. विनोद झाला की नाही, यात मी पडत नाही. सादर झाला, एवढं लिहा. तारीख, वेळ, सही. शिक्का असेल तर उत्तम. नसेल तर शिक्का का नाही, याचा खुलासा द्या. मागं एकानं आजीच्या तेराव्याची रजा घेतली, पोच दिली नाही. पुढं सहा महिन्यांनी आजीच कार्यालयात आल्या, त्याची चौकशी करायला. फार अवघड झालं. चहा द्यावा की नाही, तेही ठरेना."

हे बोलताना त्यांचं लक्ष बॅगेतून कोरा कागद काढण्याकडं होतं. वर पाहिलं तर टेबलामागचा एक जण टेबलाखाली गेला होता आणि रेश्मा ओढणीनं डोळे टिपत होती. कॅमेरा चालूच होता.

मंगळवारी फोन आला. निवड झाली होती.

"मला वाटतं, डॉक्टरांचाच विनोद चालला," नागनाथराव घरी म्हणाले. रुद्राणीनं संस्कृतीकडं पाहिलं, संस्कृतीनं छताकडं. दोघींनाही खरं काय ते कळलं होतं. "तुमी इनोद करू नका, नुस्तं बोला की," एवढंच रुद्राणी म्हणाली. नागनाथरावांना ते अडाणीपणाचं वाटलं.

चित्रीकरण पुढच्या महिन्यात मुंबईला होतं. तोपर्यंत कार्यालयाचं 'हरकत नाही' असं पत्र हवं होतं. सरकारी माणूस परवानगीशिवाय टीव्हीत गेला तर वाहिनीलाही त्रास. पत्र वेळेत आलं नाही तर दुसरा माणूस घ्यावा लागेल, असं रेश्मानं स्पष्ट सांगितलं होतं.

नागनाथरावांनी अर्ज केला. आवक-जावकला ते स्वतःच असल्यामुळं तो त्यांनी स्वतःच स्वीकारला, स्वतःला पोच दिली आणि वर पाठवला. आठ दिवसांनी साहेबांचा शेरा आला : 'विनोदाचे स्वरूप स्पष्ट होत नाही. विनोदाच्या तीन प्रती सादर कराव्यात.'

नागनाथरावांनी एकोणीस विनोद क्रमांक घालून टंकलिखित करून दिले. पुन्हा शेरा : 'विनोद क्र. ४ मधील सासू ही विवक्षित व्यक्ती आहे काय?' त्यांनी कळवलं, 'सदर सासू काल्पनिक असून अर्जदाराच्या सासूबाई अक्कलकोट येथे सुखरूप आहेत.' ही प्रत चुकून घरी आली. ती वाचल्यावर रुद्राणी दोन दिवस बोलली नाही, आणि अक्कलकोटहून "मी सुखरूप आहे म्हंजे काय ओ?" असा फोन आला तो वेगळाच.

शेवटी साहेब, अधीक्षक मॅडम आणि लेखा शाखेचे एक गृहस्थ अशी तिघांची समिती नेमली गेली आणि एका सोमवारी साहेबांच्या दालनात नागनाथरावांनी सगळे विनोद वाचून दाखवले. भुवई, गाल, जबडा यांसह. साहेब फाईलमध्ये बघून ओळ न् ओळ ताडून घेत होते. क्रमांक सातला त्यांनी हात वर केला. "इथं 'पोपट म्हणाला' आहे. तुम्ही 'पोपट बोलला' वाचलंत."

"दुरुस्ती करतो," नागनाथराव म्हणाले. "पुढील विनोद सादर करण्यास अनुमती आहे काय?"

इथं गायकवाड मॅडमच्या हातातलं पेन घसरलं. त्या ते शोधायला वाकल्या आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिल्या. एकोणीस विनोदांत मात्र कुणाचंही काही घसरलं नाही.

चित्रीकरणाच्या आदल्या दुपारी पत्र हाती पडलं. नागनाथरावांनी जागेवरच उभ्यानं वाचलं. 'श्री. म्हेत्रे यांनी सादर केलेल्या एकूण १९ विनोदांची समितीने छाननी केली. सदर मजकुरात हसण्याजोगे काही आढळून आले नाही. सबब कार्यालयाची प्रतिमा मलिन होण्याचा संभव नसल्याने ते दूरचित्रवाणीवर सादर करण्यास हरकत नाही.'

परवानगी होती. शिक्काही ठसठशीत होता. नागनाथरावांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. एकवीस वर्षांत त्यांनी पुष्कळ माणसांच्या हातात पुष्कळ पत्रं दिली होती. ती घेऊन माणसं जिन्यात का उभी राहतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते मुंबईला गेले. मिशी अर्धवट वाढली होती. स्टुडिओत रंगभूषा करणाऱ्यानं ती बघून "ही कोणत्याच बाजूची नाही" म्हटलं आणि वरून खोटी चिकटवली. पुढं सेट होता : एक सरकारी कार्यालय. नागनाथरावांनी पाहिलं, आवकची वही डावीकडं आणि जावकची उजवीकडं, म्हणजे उलट. त्यांनी दोन्ही वह्या आपापल्या जागी आणून ठेवल्या.

प्रहसन साधं होतं. कार्यक्रमातला मुख्य विनोदी नट अभिमन्यू हा कागदोपत्री मयत झालेल्या माणसाचं काम करत होता. तो आपण जिवंत असल्याचं सांगायला येतो आणि लिपिक त्याला म्हणतो, "साहेब जेवायला गेलेत." नागनाथरावांना एवढं एकच वाक्य.

ते त्यांनी भुवई वर, गाल आत, जबडा डावीकडं करून म्हटलं. दिग्दर्शकानं थांबवलं. "काका, दुखतंय का काही?" पुन्हा घेतलं. सहा वेळा घेतलं. सहाव्या वेळी खोटी मिशी जबड्याबरोबर डावीकडं गेली आणि तिथंच राहिली. अभिमन्यू घड्याळाकडं बघू लागला. दिग्दर्शक रेश्माकडं बघू लागला.

त्याच सुमारास कुणीतरी परवानगीचं पत्र मागितलं. नागनाथरावांनी ते रेश्माला दिलं आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. आधी रेश्मा हसली. मग दिग्दर्शक. मग पत्र हातोहात फिरलं आणि दिवे लावणारी माणसंसुद्धा वरून विचारू लागली, काय झालं?

"काका, हे कॅमेऱ्यासमोर वाचाल?" दिग्दर्शक धावतच आला. "असंच्या असं!"

"नाही," नागनाथराव म्हणाले. "तो कार्यालयीन कागद आहे."

"अहो, पण तो—"

"त्यात हसण्याजोगं काही नाही, असं त्यातच लिहिलंय." एवढं बोलून ते बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले.

रेश्मा मागोमाग आली. शेजारी बसली. "काका, राग येईल तुम्हाला, पण सांगते. तुम्हाला विनोदांसाठी नाही घेतलं. पोच मागितलीत ना, त्याच्यासाठी घेतलं."

ती आत गेल्यावर नागनाथरावांनी घरी फोन लावला. पत्रात काय लिहिलंय ते आदल्या दिवशी त्यांनी घरी सांगितलं नव्हतं; आता सांगितलं. प्रहसन काय आहे आणि रेश्मा काय म्हणाली तेही सांगितलं. "म्हणजे लोक मला हसतात," ते म्हणाले. "विनोदाला नाही. मला."

"आवो, मी बावीस वर्सं हसत्येय की," रुद्राणी म्हणाली. "सैपाकघरात जाऊन. तुमाला कदी कळलं न्हाई."

"कशाला हसतेस?"

"त्ये मांजर आलतं ना आपल्यात, तवा तुमी दारावर चिट्टी लावलाव. 'विनापरवाना प्रवेश करू नये.' खाली सही. तारीक."

"मग? ते रोज येत होतं. तारीख नसती तर कधीपासून बंदी, हे कसं समजणार?"

फोनमधून आवाज आला. पदरात दाबलेला, मग न दाबलेला. नागनाथराव ऐकत राहिले. आपल्या घरात बावीस वर्षं असा आवाज होत होता आणि आपण बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. त्या हसण्यात टोचेल असं काहीच नव्हतं. उलट ते ऐकून त्यांना घरी जावंसं वाटलं.

"तुमी इनोद करू नका," ती धापा टाकत म्हणाली. "आत जावा. त्या मानसाचं काम करून द्या. बिचारा मेलाय म्हनं की."

नागनाथराव आत गेले, मिशी नीट करून घेतली आणि टेबलामागं बसले. अभिमन्यू आला, टेबलावर मूठ आपटून ओरडला, "मी जिवंत आहे!"

नागनाथरावांनी मान वर केली. "अर्ज आणलाय?"

हे वाक्य प्रहसनात नव्हतं. अभिमन्यू गडबडला. "नाही."

"आणला असता तरी घेता आला नसता. मयताला अर्ज करता येत नाही. वारसांना पाठवा."

"अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"उभं राहायला हरकत नाही." त्यांनी नोंदवही उघडली, खरोखरच पानं चाळली. "मृत्यू अकरा तारखेचा दिसतोय. तुम्ही नऊ तारखेला आला असता तर आपण काहीतरी करू शकलो असतो." मग त्यांनी समोरच्या माणसाकडं नीट पाहिलं. तो घामाघूम झाला होता. "बसा. पाणी घ्या. तुमच्या जागी मी असतो तर मलाही जिवंत असल्यासारखंच वाटलं असतं."

अभिमन्यूनं टेबलावर डोकं ठेवलं. त्याचे खांदे हलत होते. 'कट' म्हणायला कुणाला सुचलं नाही.

रविवारी संध्याकाळी ते दाखवलं गेलं तेव्हा नागनाथरावांच्या घरात सतरा माणसं होती. हत्तुरे सर टीव्हीच्या सर्वांत जवळ बसून "बघा, बघा, भुवई" असं म्हणत होते. भुवई मुळीच हलत नव्हती. सुंदरम्मांनी सगळं श्रेय वेखंडाला दिलं. मोहोळहून नागनाथरावांच्या आईचा, बजाबाईंचा, फोन आला. "नागू, एवढ्या मंबईला गेलास आन् तितं बी हापिसातच बसलास व्हय रं?"

कार्यालयात दुसऱ्या दिवशी खुलासा मागवणारं पत्र तयार होतं. परवानगी हसण्याजोगं काही नसलेल्या मजकुराला होती. प्रत्यक्षात हसू आल्याचं साहेबांच्या कुटुंबीयांच्या निदर्शनास आलं होतं. नागनाथरावांनी खुलासा दिला, की हसू हे प्रेक्षकांनी परस्पर उत्पन्न केलेलं असून अर्जदाराचा त्यात हात नाही. गायकवाड मॅडमनी तो दफ्तरी दाखल केला. वाहिनीनं त्यांना पुढच्या चार भागांसाठीही बोलावलं, प्रत्येक भागाला एक रजा याप्रमाणं.

पण आवक-जावकच्या खिडकीचं रूप पालटलं. ज्यांचं काहीच काम नाही अशी माणसं यायला लागली. कॉलेजची पोरं फोन उंच धरून उभी राहायची आणि नागनाथराव "पुढं या" म्हणाले तरी खिदळायची. अशाच एका दुपारी त्या गर्दीतून करकंबचा महिपती पुढं आला. साठीच्या पुढचा, धोतर-टोपीतला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. सरकारी यादीत त्याचं नाव 'महीमती' पडलं होतं आणि पुढं 'स्त्री' लिहिलं होतं. चौथी खेप होती त्याची. टीव्हीचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

नागनाथरावांनी कागद वाचला आणि नेहमीप्रमाणं विचारलं, "आपण पुरुष असल्याबाबत काही पुरावा जोडलाय?"

मागं हशा फुटला. फोन वर गेले. महिपतीनं मागं वळून पाहिलं, मग स्वतःच्या धोतराकडं पाहिलं, आणि टोपी काढून हातात घेतली. चारचौघांत चूक झाली असावी, पण कोणती ते कळू नये, असा त्याचा चेहरा झाला होता.

महिन्यापूर्वी नागनाथरावांच्या हे लक्षातही आलं नसतं. आता त्यांना कळलं, की हशा आपल्या वाक्यानं उठवलाय आणि तो जाऊन बसलाय भलत्याच माणसावर. त्यांनी पेन खाली ठेवलं. खिडकीतून गर्दीकडं पाहिलं आणि त्याच सपाट आवाजात म्हणाले, "ज्यांना हसायचंय त्यांनी रांगेत यावं. हसण्याचं कारण, ओळखपत्राची प्रत आणि पालकांची सही आणावी. मागच्या आठवड्यात हसलेल्यांचे अर्ज अजून प्रलंबित आहेत. तोवर कृपया तोंड बंद ठेवून सहकार्य करावं."

हशा दुप्पट झाला. पण आता पोरं एकमेकांना ढकलत एकमेकांनाच हसत होती, आणि सगळे फोन महिपतीवरून सरकून खिडकीवर आले होते. नागनाथराव म्हेत्रे यांनी समजून उमजून केलेला हा पहिला विनोद. त्याची कुठं नोंद नाही.

ते उठले, दार उघडून महिपतीला आत घेतलं आणि कागद स्वतः घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. गायकवाड मॅडमनी सही केली. पाऊण तासात महिपती पुन्हा महिपती झाला आणि पुरुषही झाला.

जाताना त्यानं टोपी घातली आणि नागनाथरावांचा हात दोन्ही हातांत धरला. "सायेब, लई उपकार झालं. येक सांगू का? हितं समदी खुळी हायती. नुस्ती हासायलीत. तुमी येकटंच गंभीर मानूस दिसला बगा."

नागनाथरावांनी "हां" म्हणायला तोंड उघडलं आणि झटकन मिटलं. ओठ आत ओढले. गाल थरथरले. मान दोनदा हलली.

महिपतीनं काळजीनं निरखून पाहिलं. "दाढ दुकती व्हय सायेब?"

"हो," नागनाथराव कसेबसे म्हणाले. "थोडी."

"लवंग धरा," महिपती म्हणाला आणि जिना उतरू लागला. नागनाथरावांनी जावकची नोंदवही उघडली, तोंडासमोर उभी धरली, आणि त्यानंतर पाच मिनिटं त्या खिडकीवर कोणताही कागद स्वीकारला गेला नाही.